कर्री पॉइंटचे कागद

तेलंगणात अनेक घरांत भात घरी शिजतो आणि कालवण बाहेरून येतं. ज्या दुकानातून ते येतं त्याला सगळे ‘कर्री पॉइंट’ म्हणतात. तिथे टेबल-खुर्ची नसते, पाणी विचारायला पोरगा नसतो. स्टीलच्या टोपांची एक रांग, प्रत्येक टोपात पळी आणि पलीकडे उभा असलेला माणूस, एवढंच दुकान. ‘पप्पू एक, वांगं एक, सांबार दोन’ (पप्पू म्हणजे डाळ) असं सांगितलं की तो पातळ पिशवीचं तोंड दोन बोटांनी उघडतो, पळीभर कालवण आत सोडतो, पिशवी गरकन फिरवतो आणि तिच्या मानेला रबर गुंडाळतो. आत थोडी हवा राहिली पाहिजे. पिशवी फुगलेली असली की धक्का लागला तरी फुटत नाही, हे त्याचं कसब. पुण्या-ठाण्यातलं पोळी-भाजी केंद्र हा याचाच भाऊ. शेजारी हल्ली चुलीवर भाजलेली ज्वारीची रोटी विकणारी बाई बसलेली असते. तेलुगूत ती ‘जोन्न रोट्टे’, आपल्याकडे भाकर.

असं दुकान उटनूरला काढायचं ठरवलं तर काय काय लागेल, हे या प्रकरणात पाहायचं आहे. उटनूर मुद्दाम निवडलं आहे. आदिलाबादहून सुमारे पन्नास किलोमीटर, इंद्रवेल्लीच्या पुढचं हे गाव. एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचं, म्हणजे ज्याला सगळे ‘आयटीडीए’ म्हणतात त्याचं कार्यालय इथे आहे. गोंड, कोलाम, परधान, नायकपोड, थोटी, आंध अशा समाजांची वस्ती आजूबाजूला आहे. कार्यालयांमुळे आणि शाळा-वसतिगृहांमुळे घरापासून दूर राहणारे शिक्षक, नर्सा, कारकून इथे आहेत. संध्याकाळी दमून आल्यावर भाताचा कुकर लावून कालवणाला बाहेर पडणारं गिऱ्हाईक ते हेच. मराठीही इथे परकी नाही. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यं वेगळी झाली, सोयरिकी आणि बाजार तसेच राहिले.

समजा, इथल्या एका बाईला पार्सलचं दुकान काढायचं आहे. ती बचत गटात आहे, इथल्या भाषेत ‘डवाक्रा’त. भाकरी, वांग्याचं भरीत, पप्पू, आठवड्यातून दोनदा कोंबडीचा रस्सा. ती ‘मीसेवा’ या सरकारी सेवा केंद्रात जाते आणि विचारते, ‘फूड लायसन्सला काय लागतं?’ सगळीकडे हाच पहिला प्रश्न असतो. उटनूरमध्ये मात्र त्याच्याही आधीचा प्रश्न आहे, तो म्हणजे दुकान कुठे लावणार आणि ती जागा कोणाची.

उटनूर परिसर राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रात येतो. इथे १९५९ चा १ क्रमांकाचा जमीन हस्तांतर विनियम लागू आहे. तो मुळात आंध्र भागासाठी होता. १९६३ मध्ये तेलंगणाच्या आदिवासी भागाला लागू झाला आणि १९७० मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीच्या क्रमांकावरून लोक त्याला ‘वन ऑफ सेव्हंटी’ म्हणतात. गावातल्या अडाणी म्हाताऱ्यालाही हे इंग्रजी नाव पाठ असतं, कारण त्याची जमीन त्यावर टिकून आहे. या कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रातली जमीन वा घर फक्त अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, किंवा ज्यात सगळे सभासद अनुसूचित जमातीचेच आहेत अशा सहकारी संस्थेला हस्तांतरित करता येतं. बाकी सारं रद्दबातल. देणारा आदिवासी असो वा नसो, घेणाऱ्याला हा नियम चुकत नाही. आणि पार्सलवाल्याने लक्षात ठेवायची गोष्ट अशी की ‘हस्तांतर’ या शब्दाच्या व्याख्येत विक्री, गहाण, बक्षीस यांच्याबरोबर भाडेपट्टाही आहे.

म्हणजे बाहेरून आलेल्या बिगर-आदिवासी माणसाने मुख्य रस्त्यावरचा गाळा भाड्याने घेतला, स्टँपपेपरवर करार केला आणि त्या कराराच्या जोरावर पुढचे सगळे परवाने काढले, तर त्याची बाकीची इमारत कितीही पक्की असो, पाया कच्चा आहे. बाई स्वतः गोंड किंवा कोलाम असेल तर मात्र हाच कायदा तिच्या बाजूने उभा राहतो. तिने गटातल्या बायांना घेऊन सहकारी संस्था काढली तरी तो तिच्याच बाजूचा. उटनूरमध्ये आदिवासी बायांच्या सहकारी संस्थेने मोहाच्या फुलांचे लाडू करून विकायला सुरुवात केली. अशी संस्था कायद्याच्या त्या एका ओळीत नेमकी बसते. तिच्याकडे पुन्हा येऊ.

हा कायदा दुकानदाराला अडवायला झालेला नाही. याच मुलखात जोडेघाटला १९४० मध्ये गोंड पुढारी कुमरम भीम मारला गेला, आणि त्याच्या लढ्याच्या मुळाशी जमीन होती. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करायला पाठवलं. मारलवाईला राहून त्यांनी जे पाहिलं, त्यातून आदिवासी भागासाठी वेगळे नियम आले. १९८१ च्या २० एप्रिलला इंद्रवेल्लीला गोळीबार झाला, तेव्हाही जमलेल्या गोंडांची मागणी जमिनीचीच होती. १९९७ मध्ये ‘समता’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या कायद्यातला ‘व्यक्ती’ हा शब्द सरकारलाही लागू आहे, सरकारसुद्धा अशी जमीन बिगर-आदिवासीला खाणीसाठी पट्ट्याने देऊ शकत नाही. हा सगळा इतिहास त्या एका गाळ्याच्या भाडेकरारामागे उभा आहे. उटनूरला दुकान काढणाऱ्याला तो माहीत हवा, नुसता सोयीसाठी नव्हे. ज्यांच्यात बसून आपण भाकरी विकणार, त्यांच्याबद्दलचा तो साधा आदर आहे.

जागेवरून धंदा बसतो हे महाराष्ट्रानेही पाहिलं आहे. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं रस्तोरस्ती उभी राहिली. ती सार्वजनिक जागांवर होती. योजना संपली तेव्हा भाकरीचा प्रश्न मागे पडला आणि जागेचे वाद कोर्टात चालत राहिले.

दुकानाऐवजी आठवडी बाजारात बसायचं असेल तर ‘पेसा’ आठवायला हवा. १९९६ च्या या कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या गावच्या बाजाराची व्यवस्था पाहण्याचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतीला दिला. शहरातल्या हातगाडीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, तो नगरपालिका-महापालिकांच्या हद्दीसाठी. ग्रामपंचायतीच्या गावात बाजारात कोणी कुठे बसायचं हे गावाने ठरवायचं.

आता फूड लायसन्स.

खाण्याची वस्तू विकणाऱ्या प्रत्येकाला २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंद करावी लागते. त्यापूर्वी १९५४ चा भेसळ प्रतिबंध कायदा होता. त्याचा सारा रोख भेसळ पकडण्यावर होता. नव्या कायद्याने विचार बदलला. अन्न बिघडण्याआधी ते करणारा कोण, कुठे, कसं करतो याची माहिती सरकारकडे असावी, हा त्याचा पाया. परवान्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. त्यांत छोट्यांसाठी ‘नोंदणी’ आणि मोठ्यांसाठी ‘परवाना’ असे दोन दरवाजे आहेत. २०११ च्या नियमांत नोंदणीची मर्यादा वर्षाला १२ लाखांच्या उलाढालीची होती आणि फी वर्षाला १०० रुपये. तीस रुपयांचं एक पाकीट धरलं तर रोजची एकशेदहा पाकिटं विकली की १२ लाख होतात. अशा मर्यादा आणि फिया सरकार बदलत असतं, म्हणून अर्ज करायच्या दिवशीचा आकडा ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवरच पाहावा.

नोंदणीसाठी लागतं ते फारच थोडं: ‘फॉर्म ए’, फोटो, ओळखीचा कागद आणि जागेचा कागद. इथे पुन्हा जागा आलीच. अर्ज केल्यावर सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, कारण सांगून नाकारायची किंवा तपासणीचा आदेश काढायचा. सात दिवसांत यातलं काहीच झालं नाही, किंवा तपासणी सांगूनही तीस दिवसांत निर्णय आला नाही, तर छोट्या व्यावसायिकाला धंदा सुरू करता येतो. नियमातच तसं लिहिलं आहे. ही गोष्ट मी बायांच्या गटांत पुन्हा पुन्हा सांगतो. कारण या कागदाभोवती मध्यस्थ फार. इंटरनेटवर शोधलं तर सरकारी वाटावीत अशी खाजगी संकेतस्थळं आधी येतात आणि शंभराच्या कागदाला कितीतरी पट मागतात. भाषेची अडचण त्यांना मदत करते. फॉर्म इंग्रजीत, कार्यालयाचं बोलणं तेलुगूत, आणि बाई घरी गोंडी किंवा मराठी बोलणारी. तिला कोणी सांगितलंच नाही की हा कागद मिळणं तिचा हक्क आहे, कोणाचे उपकार नाहीत.

नोंदणीबरोबर स्वच्छतेच्या अटी येतात. नियमांच्या चौथ्या परिशिष्टात त्या आहेत. पिण्यायोग्य पाणी, झाकलेले टोप, वेगळा ओला कचरा, कापलेल्या बोटाला जलरोधक पट्टी, अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, विषमज्वरासारख्या आतड्यांच्या रोगांवरची लस. वाचताना कंटाळवाणं वाटतं. पण त्यातली एक अट, शिजवलेलं अन्न किती गरम किंवा गार ठेवायचं याची, कर्री पॉइंटच्या जीवावरची आहे, ती नीट समजून घेतली पाहिजे.

सकाळी अकराला दहा किलोंचा रस्सा शिजतो. उकळतो, म्हणजे सगळं मेलं असं आपण मानतो. पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा एक जीवाणू असा आहे की तो स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणू बनतो आणि उकळीतूनही वाचतो. मांसात, मसाल्यात, मातीत तो असतोच. मोठा टोप झाकून ठेवला की मधला रस्सा तासन्‌तास कोमट राहतो. बीजाणू जागा होतो, आणि अनुकूल ऊब मिळाली तर दहा-बारा मिनिटांत दुप्पट होत जातो. हवा त्याला नकोच असते, आणि मोठ्या टोपाच्या तळाशी ती नसतेच. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं, पळी बुडवली, पिशवी बांधली. खाणाऱ्याला साधारण आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि जुलाब. तोवर तो कालवणाला विसरलेला असतो. शिजवलेल्या अन्नासाठी ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा धोक्याचा धरतात. म्हणून रस्सा एकतर वाफाळताच राहिला पाहिजे, नाहीतर पसरट परातींत ओतून झटपट गार करून थंड जागी गेला पाहिजे. मोठ्या टोपात ‘आपोआप निवेल’ हा सगळ्यात वाईट मार्ग. बसून खायच्या हॉटेलात अन्न ताटात पडलं की पोटात जातं. पार्सलचं अन्न त्यानंतरही प्रवास करतं, कधी रात्री उशिरापर्यंत उघड्यावर राहतं. म्हणून पार्सलवाल्याची जबाबदारी हॉटेलवाल्यापेक्षा थोडी जास्तच आहे, असं माझं ठाम मत आहे.

हैदराबादेत २०२४ च्या ऑक्टोबरात मोमो खाऊन अनेक जण आजारी पडले, एका बाईचा जीव गेला. त्यानंतर राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांनी ३० ऑक्टोबर २०२४ पासून कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. ती कायद्याच्या तिसाव्या कलमाखाली, आणि पूर्ण राज्याला. उटनूरच्या चौकातला शोरमावालाही तिच्यात आला. परवाना काढला म्हणजे संपलं असं होत नाही, अशा आदेशांवर लक्ष ठेवावं लागतं.

तळणीचं तेल हाही तसाच विषय. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ‘ध्रुवीय संयुगं’ साठतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. छोट्या दुकानात मोजायचं यंत्र नसतं. तेल काळपट आणि चिकट झालं, फेस बसेना, भजी टाकण्याआधीच धूर निघायला लागला, की समजावं.

आणि ती पिशवी. गरम कालवण ज्या प्लास्टिकमध्ये ओतायचं ते अन्नासाठीचंच हवं. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार प्लास्टिकमधून अन्नात उतरणारे पदार्थ किलोला ६० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नयेत. वर्तमानपत्रात भाकर गुंडाळणं बंद, छपाईची शाई अन्नात उतरते. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचेही बंद. इथे या मुलखाकडे स्वतःचं उत्तर आहे. पळस उटनूरच्या रानात मुबलक. तेलुगूत त्याला ‘मोदुगा’ म्हणतात. त्याच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण इथल्या बायांच्या हातचे आहेत. भाकरी पळसाच्या पानात गुंडाळून द्यावी, आणि पातळ कालवणाला गिऱ्हाइकाला घरचा डबा आणायला सांगावा. डबा आणणाऱ्याला पळीभर जास्त घालणारी दुकानं मी पाहिली आहेत. फार छान रिवाज आहे.

बाकीचे कागद भराभर पाहू. ग्रामपंचायतीचा ट्रेड लायसन्स पंचायत सेक्रेटरीकडून घ्यायचा. तेलंगणाच्या १९८८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली धंदा सुरू केल्यापासून तीस दिवसांत कामगार खात्याकडे नोंद करायची. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने मोजकेच कामगार असलेल्या दुकानाला नुसती सूचना देऊन चालतं. किनवटच्या मेहुण्याचा ‘गुमास्ता लागत नाही’ हा सल्ला सीमा ओलांडली की उपयोगाचा नाही. विजेचं मीटर व्यावसायिक वर्गात बदलून घ्यायचं. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की लागते. गिऱ्हाईक बसून खावो की बांधून नेवो, कराच्या दृष्टीने ती ‘रेस्टॉरंट सेवा’च.

गॅसबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. घरचं १४.२ किलोंचं लाल सिलिंडर दुकानात लावणं बेकायदा आहे. दुकानाला १९ किलोंचं निळं घ्यायचं. ते महाग पडतं, म्हणून लोक घरचं लपवून वापरतात, आणि आग लागली की सगळ्या बाजूंनी अडकतात. १०० किलोंपर्यंत गॅस ठेवायला वेगळा साठवणूक परवाना लागत नाही. एकोणीस पंचे पंच्याण्णव, म्हणजे पाच सिलिंडरपर्यंत. छोट्या दुकानाला दोन पुरतात. एक शेगडीला, एक बदलीला, तेही उभं आणि हवेशीर जागी.

आता त्या मोहाच्या लाडवांकडे येऊ, कारण पार्सल आणि पॅकबंद माल यांतला फरक तिथे कळतो. कर्री पॉइंटवर गिऱ्हाइकासमोर बांधलेल्या पिशवीवर काही छापावं लागत नाही. वजनमापाच्या २०११ च्या पॅकबंद वस्तू नियमांतून हॉटेलने बांधून दिलेले तयार खाद्यपदार्थ वगळले आहेत. पण तेच लाडू डब्यात भरून, झाकण लावून दुसऱ्याच्या दुकानात ठेवले की चित्र पालटतं. घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, शाकाहाराचा हिरवा ठिपका, तक्रारीसाठी फोन, नोंदणी क्रमांक, सगळं डब्यावर हवं. बाईने उद्या भरिताबरोबर तिळाची चटणी बाटलीत भरून विकायचं ठरवलं, तर तिने हा उंबरा ओलांडला असं समजावं. तराजूवर तोलून विकत असेल तर इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी होऊन शिक्का हवाच.

एक दिवस अन्न सुरक्षा अधिकारी येईल. त्याला घाबरण्यापेक्षा त्याच्या कामाची रीत माहीत असावी. तो नमुना घेतो तेव्हा बाजारभावाने त्याची किंमत दुकानदाराला देणं कायद्याने बंधनकारक आहे. नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात, आणि चौथा, दुकानदाराने मागितलं तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. हे मागता येतं हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा. तो विरुद्ध गेला तर तीस दिवसांत अपील. नुसत्या त्रुटी असतील तर आधी सुधारणा-नोटीस यायला हवी, आणि तिच्यात किमान चौदा दिवसांची मुदत हवी. भिंतीला चुना लावायला, टोपांना झाकणं आणायला, नळाला गाळणी बसवायला चौदा दिवस पुष्कळ होतात.

नोंदणी झाली की चौदा अंकांचा क्रमांक मिळतो. प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं टांगायचं, आणि १ जानेवारी २०२२ पासून तो क्रमांक बिलावरही हवा. बाईकडे बिलबुक नसेल तर रबरी शिक्का करून घ्यावा. तो क्रमांक वाचताही येतो. पहिला अंक १ असला तर परवाना, २ असला तर नोंदणी. पुढचे दोन राज्याचे, त्यापुढचे दोन वर्षाचे. तेलंगणाचे ३६, महाराष्ट्राचे १५. उटनूरच्या बाईचा क्रमांक २३६ ने सुरू होईल. किनवटला तिच्या बहिणीने तेच वांग्याचं भरीत विकायला काढलं, त्याच जात्यावरच्या पिठाच्या भाकरी थापल्या, तर तिच्या शिक्क्यावर २१५ येईल.